आबाजी आणि सव्वीस प्रश्न

आबाजींची तब्येत विचारण्याआधी आपण त्यांचे कोण लागतो ते ठरवून घ्यावं लागतं. पुण्याहून मुलाचा फोन आला की ते ठणठणीत असतात, "मले काय धाड भरली हाये?" एवढ्यावर विषय मिटतो. सोसायटीचा गटसचिव वसुलीसाठी फाटकाशी आला की कमरेत अशी उसण भरते की बाजेवरून उठवत नाही, आणि तो मोटारसायकलला किक मारेपर्यंत ती उतरत नाही. सुनेनं ताट वाढून आणलं की अन्नावर वासना नसते. शेजारच्या गावी तेरवीचं आवतण असलं की ती वासना परत येते, आणि मांडी घालून पंगतीत बसण्याइतपत टोंगळेही सुधारतात. थोरल्या जावयापुढे दम लागतो, धाकट्यापुढे लागत नाही, कारण धाकट्यानं एकदा दम्यावर उपाय म्हणून तंबाखू सोडायला सांगितली होती. डॉक्टरांसमोर तब्येत नेमकी एका सलाईनपुरती बिघडलेली असते.

यातलं एकही उत्तर खोटं नाही. आबाजींच्या लेखी तब्येत म्हणजे पत्र. ते कुणाला पाठवायचं हे ठरल्याशिवाय आत काय लिहायचं ते कसं ठरणार?

आबाजी हे कुण्या एकाचं नाव नव्हे. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे आमच्या जिल्ह्याचे सहा तालुके. यांतलं कुठलंही गाव घ्या, मारोतीच्या पारावर एक तरी आबाजी सापडतीलच. वय आधार कार्डावर एक, मतदार यादीत दुसरं. खुद्द आबाजींचा हिशेब "बहात्तरच्या दुष्काळात माह्यं लगन झालं" इथून सुरू होतो. पाच-सात एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. खांद्यावर दुपट्टा, बंडीच्या खिशात चुना-तंबाखूची डबी, आणि त्याच खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा. सातबारा कशाला? कोण कधी काय विचारील याचा नेम नसतो म्हणून.

तो नेम आमच्याकडे खरंच नसतो. अकोल्यातून तुटून १ जुलै १९९८ ला हा जिल्हा झाला आणि तेव्हापासून त्याला कुणी ना कुणी काही ना काही विचारतच आहे. २००६ साली शेतकरी आत्महत्यांवरचं पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यात विदर्भाचे सहा जिल्हे होते, त्यात वाशिम. २०१८ साली नीती आयोगाची आकांक्षित जिल्ह्यांची यादी आली, त्यात महाराष्ट्राचे चार होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि पुन्हा वाशिम. (आकांक्षा नक्की कुणाची, हे आबाजींना अद्याप कुणी सांगितलेलं नाही.) मग जागतिक बँकेच्या पैशाचा पोकरा प्रकल्प आला, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी आली, पीक विम्याचे पंचनामे तर दरसालचेच. प्रत्येकाच्या हातात कागद, अलीकडे टॅब. आबाजींनी इतक्या लोकांना इतकी उत्तरं दिली आहेत की आता प्रश्नाच्या पहिल्या दोन शब्दांवरून त्यांना खातं ओळखता येतं. त्यांचा स्वतःचा प्रश्न मात्र सगळ्यांना एकच असतो: "योजना कोणती हाये?"

त्या मुलीजवळ याचं उत्तर नव्हतं. मोठ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती आणि प्रबंधासाठी आरोग्याशी निगडित जीवनमानाची प्रश्नावली मराठीत तपासून पाहत होती. वाशिमातला माणूस बरोबर असला की गावात ओसरी मिळते, म्हणून मी सोबत होतो. २०२४ चा ऑक्टोबर होता. सोयाबीन काढणीला आलेलं, आणि अशा वेळी दुपारी घरी सापडेल असा माणूस म्हणजे टोंगळ्यांमुळे वावरातून रजा मिळालेले आबाजी.

"योजना नाही, आजोबा. तुमची तब्येत कशी आहे, तेवढंच समजून घ्यायचंय."

"कायले?"

हा प्रश्न जिनिव्हात कुणी विचारला होता की नाही, मला माहीत नाही. विचारायला हवा होता. मुलीच्या हातातल्या प्रश्नावलीचं काम जागतिक आरोग्य संघटनेनं १९९१ मध्ये हाती घेतलं, आणि त्यामागचा विचार चांगला होता. त्याआधीच्या बहुतेक प्रश्नावल्या एका देशात लिहायच्या आणि बाकीच्यांनी आपापल्या भाषेत करून घ्यायच्या, अशी पद्धत होती. एसएफ-३६ नावाच्या गाजलेल्या अमेरिकन प्रश्नावलीत मध्यम श्रमाची कामं म्हणून टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं अशी उदाहरणं होती. आबाजींच्या वावरात खड्डे पुष्कळ आहेत, पण ते रानडुकरांनी उकरलेले. तर आरोग्य संघटनेनं ठरवलं की प्रश्न सगळ्यांनी मिळून आणि एकाच वेळी तयार करायचे. बाथ, पॅरिस, झाग्रेब, बँकॉक, हरारे, आपल्याकडची दिल्ली आणि मद्रास अशा पंधरा केंद्रांवर लोकांना बसवून विचारलं, की बाबांनो, चांगलं जगणं म्हणजे तुमच्या मते काय. त्यातून आधी शंभर प्रश्न झाले, आणि १९९८ मध्ये त्यांतले सव्वीस उरले. प्रत्येकाला पाच रकाने. शरीर, मन, नातीगोती आणि आजूबाजूची परिस्थिती असे चार विभाग.

अशी प्रश्नावली नव्या मुलखात न्यायची तर सोपस्कार फार. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, तिसऱ्यानं ती दोन्ही जुळवायची, मूळ न पाहिलेल्या चौथ्यानं ते उलटं इंग्रजीत न्यायचं, तज्ज्ञांनी बसून दोन्ही ताडून पाहायची. मग गावात जायचं, थोड्या लोकांना विचारायचं आणि कुठे अडतात ते टिपायचं. सगळं झाल्यावर आकडेमोड. मुलीचं हे सगळं शिस्तीत झालं होतं. राहिले होते फक्त आबाजी.

मुलाखत खासगीत घ्यावी असा नियम आहे. आबाजींची ओसरी ही खासगी जागा आहे असं आबाजींचंही मत आहे. तिथे फक्त घरची माणसं, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे आणि दूध घालायला आलेला पोऱ्या एवढेच असतात.

"आजोबा, फक्त मागच्या दोन आठवड्यांतलं सांगायचं हं."

"दोन हप्त्यांतलं सांगा म्हणते ते," एका शेजाऱ्यानं खुलासा केला.

आबाजी सावरून बसले. "आसं बोल ना माय. एक दिल्लीचा आला, दोन हजार. दुसरा मुंबईचा, तो बँकेनं कर्जात वळता केला. लिही."

मुलीला कळेना, ओसरीला मात्र लगेच कळलं. त्याच महिन्याच्या ५ तारखेला खुद्द पंतप्रधान मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला येऊन गेले होते. पीएम-किसानचा अठरावा हप्ता आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा पाचवा हप्ता, दोन्ही त्यांनी तिथूनच सोडले होते. म्हणजे आबाजींचं उत्तर मुदतीत बसत होतं, नेमकं होतं, आणि जीवनमानाबद्दलही होतं. रकाना तेवढा नव्हता.

पहिला प्रश्न एकंदर जगण्याचा दर्जा कसा वाटतो असा. आबाजींनी तिच्याकडेच पाहिलं. "तुले काय वाटते? तू शिकेल हायेस." ती म्हणाली, तुमचं मत हवंय. ते म्हणाले, "मंग मधलं लिही." दुसरा, तब्येतीबद्दल समाधानी आहात का. "तेबी मधलंच."

"आजोबा, दर वेळी मधलंच का?"

"पह्यलं म्हटलं तं दवाखान्यात नेतेत. पाचवं म्हटलं तं यादीतून काढतेत."

दुखण्याचा प्रश्न तिनं सावकाश वाचला: अंगातल्या दुखण्यामुळे जी कामं करायची असतात ती किती अडतात? आबाजींनी धोतर वर करून टोंगळे दाखवले. ते खरोखर सुजलेले होते. "रातभर ठणकते. सकाळी उठाले भितीचा टेका लागते."

"म्हणजे फार अडतं?"

"अडते कोठी? दुखते त्याचं दुखते, करा लागते ते करा लागते. अडलं असतं तं पेरलं कोणं असतं?"

तिचं बोट टॅबवर अधांतरीच राहिलं. दुखणं पाचव्या रकान्यात, अडणं पहिल्या. प्रश्न मात्र एकच. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोळ्यापुढे असा माणूस असणार की ज्याचं दुखलं तर तो रजा टाकतो. रजा मंजूर करणारं कुणी असलं की दुखणं मोजता येतं. आबाजींची रजा या वर्षीपुरती मुलगा गावी येऊन काढणी करून देणार होता म्हणून होती. गेल्या वर्षी याच टोंगळ्यांनी त्यांनी पूर्ण हंगाम ओढला होता. आणि तोवर शेजाऱ्यांचा वाद सुरू झाला होता. एक म्हणाला, काऊन खोटं बोलता आबाजी, रातभर कण्हत होते, आमाले आयकू येते. दुसरा म्हणाला, कण्हणं येगळं. शेवटी ओसरीनं बहुमतानं तिसरा रकाना ठरवला.

पुढे गाडी बरी चालली. शरीराच्या दिसण्याचा स्वीकार करता का? आबाजींनी मिशीवरून हात फिरवला: "आता कोणाले दाखवाची हाये?" सुरक्षित वाटतं का? "वावरात रोही अन् रानडुकरं. घरात हे हाये." 'हे' म्हणताना मान स्वयंपाकघराकडे वळली होती. विरंगुळ्याला फुरसत मिळते का, या प्रश्नावर त्यांनी पाच पैकी पाच दिले, आणि मुलीचा चेहरा उजळला. मग ते म्हणाले, "फाल्गुनापासून मिरगापावेतो फुरसतच फुरसत. हाताले काम नाई तेच तं दुखनं हाये, बाई." दर्जा वाढवणारा गुण तिनं लिहिला खरा, पण पेन्सिलीनं वहीत एक प्रश्नचिन्हही केलं. या मुलीबद्दल माझं मत तिथे चांगलं झालं.

गरजा भागवायला पुरेसा पैसा आहे का, हा प्रश्न आला तशी सगळी ओसरी एकदम गप्प झाली. तंबाखू मळणारे हात थांबले. याद्या कुठून तयार होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबाजींनी त्या दुपारी पहिल्यांदाच क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं: सगळ्यांत खालचं. आणि ओसरीतून त्याला एकमुखी पाठिंबा मिळाला.

एकविसाव्या प्रश्नाशी तिचा आवाज उतरला. नवरा-बायकोच्या शारीरिक संबंधांबद्दल समाधानी आहात का, असा तो प्रश्न. देशोदेशी हाच प्रश्न सर्वांत जास्त वेळा कोरा सुटतो असं या कामातली माणसं सांगतात. तो हळू विचारावा, वगळण्याची मुभा द्यावी, असं तिलाही शिकवलं होतं. ती हळू बोलली, म्हणून सगळे पुढे वाकले. आबाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दूधवाल्या पोऱ्याकडे, आणि म्हणाले, "पुढचा इचार." आतून मोठं भांडं पडल्याचा आवाज आला. ते मुद्दाम पाडलं होतं असं माझं मत आहे.

शेवटचा, सव्विसावा प्रश्न उदासपणाचा, निराशेचा. किती वेळा असं वाटतं?

"तसलं काई नाई." हे फार लवकर आलं, आणि या वेळी ओसरीत कुणी त्यांना खोडलं नाही.

आमच्या भागात या प्रश्नाला एक वेगळंच वजन आहे. एखाद्यानं 'हो' म्हटलं की घरातले फवारणीचे डबे जागेवरून हलतात, सून दोरखंड मोजून ठेवते, पोलीस पाटील चहाच्या निमित्तानं येऊन बसतो. अशाच अर्थाचे दोन प्रश्न, मन कशात लागतं का आणि उदास वाटतं का, आता आशाताईंच्या तपासणी अर्जातही असतात. चार पर्याय, शून्य ते तीन गुण. आशाताई ही गावातलीच सून. तिची सासू आबाजींच्या बायकोची मैत्रीण. तिला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत हापशीवर पोचतं हे आबाजींना ठाऊक असतं, आणि आशाताईलाही. ती शून्य लिहिते आणि जाताना आबाजींच्या मुलाला फोन करते. आमच्याकडच्या तपासणीत जे काही खरं काम होतं ते त्या फोननं होतं, आणि त्याला अर्जात जागा नाही.

मुलीजवळ मोजमापाचा आणखी एक कागद होता. १९८७ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी युरोकोल नावाचा गट स्थापला. त्यांच्या ईक्यू-५डी या छोट्या प्रश्नावलीत शेवटी एक उभी पट्टी असते, शून्य ते शंभर. शंभर म्हणजे कल्पनेतली सर्वोत्तम तब्येत, शून्य म्हणजे सर्वांत वाईट. आजची तब्येत कुठे ते खूण करून दाखवायचं. आबाजींनी चष्मा मागवला, पट्टी खालून वर वाचली आणि पस्तिसावर बोट ठेवलं.

"एवढी कमी, आजोबा?"

"कमी काऊन? पास हाये ना!"

शंभर कुणाला असतात, असं मी विचारलं. "देवाले. आपन मांगितले तं नजर लागते." लंडनच्या माणसानं पस्तीस दाखवले तर डॉक्टर खुर्चीतून उठतील. इथे दहावीच्या निकालावर वाढलेला अख्खा महाराष्ट्र उत्तीर्ण होऊन घरी जातो.

या पट्ट्यांवरून, रकान्यांवरून पुढे पैशाचे हिशेब होतात. एखाद्या औषधावर किंवा शस्त्रक्रियेवर सरकारनं खर्च करावा की नाही हे ठरवताना आजारी अवस्थेतल्या एका वर्षाची किंमत धडधाकट वर्षाच्या किती टक्के, असं कोष्टक लागतं. भारताचं असं कोष्टक चंदीगडच्या पीजीआयमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं, वेगवेगळ्या राज्यांतल्या साडेतीन हजारांवर लोकांशी बोलून. त्यात विचारतात: अमुक एका दुखण्यासकट दहा वर्षं जगायचं, की त्याहून कमी वर्षं पण ठणठणीत? किती वर्षं सोडाल? मुलीच्या कामात हे नव्हतं. मला राहवलं नाही, म्हणून चहा येईपर्यंत मी आबाजींना विचारून पाहिलं.

त्यांनी डोळे बारीक केले. बाजार समितीत माल घेऊन उभे असताना करतात तसे.

"दहा पक्के?"

"पक्के."

"कोन देऊन राह्यलं?"

"समजा."

"समजा म्हंजे उधारीच. बरं. ठणठणीतचे किती?"

"सात घ्या."

"अन् मंधातले तीन? अडत्यानं खाल्ले?"

मी म्हटलं, अडत्या नाही, तीन वर्षं सोडायची, बदल्यात टोंगळे नव्यासारखे मिळतील. त्यांनी नऊ मागितले. मी साडेसातवर आलो. ते साडेआठवर आले आणि वर म्हाताऱ्या बैलालाही तेच लागू करावं अशी अट घातली. तोवर बाकीच्यांनीही आपापले भाव सांगायला सुरुवात केली होती. शेवटी आबाजी म्हणाले, "सातबाऱ्यावर चढते का हे?" नाही म्हटल्यावर त्यांनी व्यवहार मोडला.

मुलीची शेवटची युक्ती मला फार आवडली होती. माणसं आपल्या तब्येतीला कमीजास्त माप लावतात हे संशोधकांना माहीत आहे. म्हणून काही सर्वेक्षणांत आधी एका काल्पनिक माणसाची चार ओळींची हकिगत सांगतात. त्याचे सांधे दुखतात, जिना चढताना त्रास होतो वगैरे. आणि विचारतात, याचा त्रास किती म्हणाल? त्यावरून उत्तर देणाऱ्याची फूटपट्टी कळते आणि त्याच्या स्वतःच्या उत्तराची दुरुस्ती करता येते. आरोग्य संघटनेच्या मोठ्या सर्वेक्षणांत ही पद्धत वापरलेली आहे.

तिनं हकिगत वाचली. आबाजींनी कान दिला, चक्क डोळे मिटून. मग विचारलं, "कोठचा हाये हा मानूस?"

"असा कुणी नाहीये, आजोबा. धरून चालायचं."

"लेकरं किती? पोरगा पाह्यते का?"

"ते दिलेलं नाही."

"मंग तरास किती ते कसं सांगू? पोरगं जोळ असलं तं टोंगळे दुखले काय अन् नाई काय." आणि मग त्या नसलेल्या माणसासाठी त्यांनी मालेगावजवळच्या एका हाड बसवणाऱ्याचा पत्ता दिला, दोन दिवस आधी सांगून ठेवतो म्हणाले, आणि त्याच्या बायकोचं कसं चालतं याची चौकशी केली. स्वतःला पस्तीस देणाऱ्या माणसानं त्या काल्पनिक गड्याला सगळ्यांत वाईट रकाना बहाल केला, कारण त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. तेवढ्या एका जागी मला वाटलं की आबाजी प्रश्नावलीच्या पुढे निघून गेले.

लोक काय सांगतात आणि त्यांना काय झालेलं असतं यातलं अंतर ही काही आबाजींचीच करामत नव्हे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा गोंधळ मांडला होता: केरळमधली माणसं देशात सर्वांत जास्त जगतात आणि आजारी असल्याचं सांगण्यातही तीच पुढे, बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि तक्रारीही कमी. अमेरिकन लोक तर केरळवाल्यांपेक्षाही जास्त आजार सांगतात. म्हणजे दवाखाना जवळ आला की दुखण्याला वाचा फुटते. तब्येत नुसती विचारून कळली असती तर बिहारमध्ये डॉक्टर नेमायची गरजच उरली नसती.

संध्याकाळी परतताना मुलगी गाडीत आकडेमोडीची काळजी करत होती. क्रोनबाख नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये एक गुणांक रूढ केला. एकाच विषयावरचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते त्यातून कळतं. पॉइंट सातच्या वर आला की बरं. ती म्हणाली, सगळीकडे मधलाच रकाना आला तर कसं होणार? मी विचारलं, आणि परिस्थितीच्या विभागात निम्म्या गावानं सगळीकडे 'तीन' आणि निम्म्यानं सगळीकडे 'चार' म्हटलं तर? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तर बरोबर एक येईल. पैकीच्या पैकी." कुणी एकही प्रश्न ऐकला नसला तरी? "नसला तरी." सगळं गावच मधल्या रकान्यात बसलं, तर मात्र गणित शून्याला शून्यानं भागायला सांगतं आणि संगणक हात वर करतो. आबाजींना हे ठाऊक असतं तर त्यांनी गावाला तसं बजावलंही असतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा जायचं होतं. मधल्या काळात तब्येतीत फरक पडला नसेल तर उत्तरंही तीच यायला हवीत, तेव्हा प्रश्नावली भरवशाची ठरते. टोंगळे होते तसेच होते. पण मधल्या काळात सोयाबीन घरात आलं होतं. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि व्यापाऱ्याचा भाव त्याच्या बऱ्याच खाली. शिवाय विधानसभेची निवडणूक लागली होती. तब्येत विचारायला रोज कुणीतरी हात जोडून येत होतं आणि आबाजींना आपण महत्त्वाचे आहोत असं वाटत होतं. या दोन्हींची बेरीज-वजाबाकी अशी झाली की उमेद वाढली, झोप गेली, पैसा होता तिथेच राहिला, आणि एकंदर जगण्याचा दर्जा तीनवरून चारवर गेला.

"मागच्या वेळी तर तीन म्हणाला होतात, आजोबा."

"मांगच्या खेपी तू पाहुनी होती, बाई. आता घरची झाली."

पट्टीवरचं बोट मात्र त्यांनी पुन्हा पस्तिसावरच ठेवलं. पास ते पास.

त्या दिवशी तिच्या यादीत आजींचंही नाव होतं. आजी पदराला हात पुसत उंबऱ्याशी येऊन बसल्या. मुलीनं पहिला प्रश्न विचारला आणि आबाजींनी उत्तर दिलं. "तिले काय होते? ठणठणीत हाये. पाचवं लिही." दुसऱ्यालाही तेच झालं. दुखण्याचा प्रश्न आला तेव्हा आजींच्या मनगटाला फडकं बांधलेलं मला दिसलं, आबाजी म्हणाले, "हे तं तिचं नेहमीचंच, ते काई दुखनं नाई." टॅबवर एक चौकट होती: माहिती दुसऱ्याकडून घेतली आहे का. मुलीनं ती चौकट बघितली, आजींकडे बघितलं, आणि विचारलं, "आजी, तुम्हीच सांगा ना."

आजी उठल्या. मुलीच्या हातातला रिकामा कप घेतला आणि ओसरीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "मले काई नाई झालं व माय. लिही, समदं बरं हाये." मग वाकून टॅबमध्ये डोकावल्यासारखं करत तिच्या कानाशी बोलल्या. मी शेजारी होतो म्हणून मलाही ऐकू आलं.

"बजाराच्या दिवशी ये. हे मालेगावले जातेत. अन् ह्या भाऊले आनू नको."